किल्ली फिरवली नव्हती

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, गॅरेजच्या रस्त्यावर सगळे कानसेन म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण भाऊजींनी ते पदवीसारखं मिरवलं हे मी स्वतः पाहिलंय. गाडी फाटकातून आत येतानाच ते हातातलं काम थांबवून मान वाकडी करायचे आणि मालक खाली उतरायच्या आधी सांगून मोकळे व्हायचे, "पट्टा सैल झालाय." नाहीतर, "मागचं डावं बेअरिंग गेलंय." मालकानं वाटेत पाठ केलेलं सगळं रडगाणं तोंडातच राहायचं. दहातल्या नऊ वेळा भाऊजींचं बरोबर निघायचं. दहाव्या वेळेची आठवण काढायची सोय नव्हती. काढली की ते ताईला म्हणायचे, "तुझ्या बहिणीला पाणी दे गं, उन्हातून आलीय."

गाडी सुरूच होत नसेल तर त्यांची एक खास पद्धत होती. पेट्रोलच्या गाडीत किल्ली अर्धी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद चालतो, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोलचा दाब तयार होतो, आणि मगच गाडी पेट घेते. दाबच नसेल तर स्टार्टर कितीही फिरवा, बॅटरी उतरेल पण गाडी काही हलणार नाही. त्या दोन सेकंदांत पंपाची एक बारीक गुणगुण येते. भाऊजी मागच्या सीटवर आडवे होऊन कान टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मार किल्ली." मग निकाल लागायचा. पंप 'गातोय' म्हणजे ठणठणीत. 'कण्हतोय' म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती. 'मुका आहे' म्हणजे आटोपला.

दाब मोजायचं गेज त्यांच्याकडे होतं. एका सुट्या भागांच्या विक्रेत्यानं भेट दिलेलं, लाल डब्यातलं, आठ वर्षांत डब्याबाहेर न आलेलं. कुणी विचारलं तर भाऊजी म्हणायचे, "गेज बहिऱ्यांसाठी असतं." आम्ही सगळे हसायचो. मी तर सर्वांत मोठ्यानं.

मी शाळेची व्हॅन चालवते. व्हॅन माझी स्वतःची आहे, मुलं अकरा, आणि मुलांच्या लेखी माझं नाव व्हॅनमावशी. सात वर्षांत एकही मूल उशिरा पोचवलं नव्हतं, याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते. पण गेल्या महिन्यात व्हॅनला काय झालं कोण जाणे. सकाळी थंड असताना एका झटक्यात सुरू व्हायची. दुपारी तापल्यावर जरा उभी केली, की स्टार्टर नुसताच घरघरायचा. पंधरा-वीस मिनिटांनी मनात आलं की चालू. दोनदा शाळेच्या दारात अकरा मुलं आत बसवून मी घाम पुसत किल्ली फिरवत राहिले. दुसऱ्या खेपेला त्यातल्या सर्वांत धाकटीनं विचारलं, "मावशी, गाडी रुसली का?" आणि मी तिच्या अंगावर ओरडले. ते आजही मला लागून राहिलंय.

त्यानंतर मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या आवाज चढवत नाहीत, म्हणून तर जास्त भीती वाटते. म्हणाल्या, "आणखी एकदा मुलं खोळंबली तर सोमवारपासून ती लाल व्हॅनमध्ये जातील." लाल व्हॅनवाला फाटकाशी टपूनच होता. दोन दिवस आधीपासून तो मला जरा जास्तच आदरानं नमस्कार करायला लागला होता.

महिन्याभरात मी तीनदा व्हॅन भाऊजींकडे नेली. त्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, बॅटरीची तोंडं घासून चकचकीत केली. तिन्ही वेळा सीटवर कान टेकवला. तिन्ही वेळा म्हणाले, "पंप गातोय. तू उगाच घाबरतेस." मीही म्हटलं, कानसेन सांगताहेत म्हणजे प्रश्नच मिटला.

त्या शुक्रवारी दुपारी एक वाजता मी पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली, आणि व्हॅननं पुन्हा मान टाकली. नशीब इतकंच की भाऊजींचं गॅरेज चौक ओलांडला की लगेच. पेट्रोल भरणाऱ्या दोघांनी धक्का मारत व्हॅन तिथवर आणून दिली. शाळा सुटते साडेतीनला. मी घड्याळ पाहिलं, एक वाजून बारा मिनिटं.

भाऊजी एका गाडीचं चाक चढवत होते. ताई तिच्या जागी, सुट्या भागांच्या काउंटरमागे, चिठ्ठ्या चिकटवलेल्या खोक्यांच्या भिंतीला टेकून बसली होती. मी आत शिरताना नेहमीसारखी त्यांनी मान वाकडी केली नाही. ताईनं काउंटरवर हात आपटला, त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"परत?" ते म्हणाले.

"परत. आणि आज मला साडेतीनला शाळेत असलंच पाहिजे, भाऊजी. आज नाही पोचले तर संपलं माझं."

"काही संपत नाही. सरक." ते मागच्या सीटवर आडवे झाले आणि कान टेकवून डोळे मिटले. "मार किल्ली."

मी किल्ली फिरवणार तेवढ्यात लक्षात आलं की कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर धडाधडा चालू आहे. पूर्वी पंप ऐकताना कुणी चमचा जरी वाजवला तरी भाऊजी त्याचा उद्धार करायचे. आज शेजारी अख्खा कारखाना चालल्यागत आवाज, आणि हे आपले समाधी लावून. मी उतरले, कॉम्प्रेसर बंद केला आणि परत येऊन किल्ली अर्धी फिरवली.

काहीही ऐकू आलं नाही. मी कान टवकारले होते. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, बाहेर एक सायकल गेली तिची साखळी ऐकू आली, पण मागच्या सीटखाली पूर्ण शांतता.

"गातोय," भाऊजी म्हणाले.

"मला तर काही आलं नाही ऐकू."

त्यांनी उत्तर दिलं नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून बोलत होते. मागे वळून पुन्हा म्हटलं तेव्हा ते उठून बसले आणि चिडले. "तीस वर्षं मी हेच करतोय. तुला गाडी चालवता येते, बाईसाहेब, ऐकता येत नाही. पंप सुरात आहे. बिघाड दुसरीकडे आहे, शोधू."

कसली शंका आलीय ते मनातल्या मनातसुद्धा नीट बोलायचा धीर होईना. मग मी जे केलं ते चांगलं केलं असं म्हणणार नाही. म्हटलं, "बरं, एकदाच परत ऐका. माझ्या समाधानासाठी." ते कुरकुरत आडवे झाले, कान टेकवला, डोळे मिटले. मी किल्ल्यांचा जुडगा काढून घेऊन हातात खुळखुळवला, तोंड त्यांच्याकडे करून मोठ्यानं म्हणाले, "फिरवली!"

किल्ली फिरवली नव्हती. ती माझ्या मुठीत होती.

भाऊजींनी मोठा श्वास घेतला. चेहऱ्यावर तेच समाधान, ज्याच्यावर सगळा रस्ता विश्वास ठेवायचा. "ऐक," ते म्हणाले, "काय सुरात आहे."

मी काउंटरकडे पाहिलं. ताई उभी राहिली होती. तिनं माझी मूठ पाहिली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं, मग दोन्ही हात जोडले, आणि मला कळलं की तिला ठाऊक आहे. आजचं नाही, केव्हाचं. फोन नेहमी तीच का उचलते, गिऱ्हाईक आलं की हातातलं टाकून त्यांच्या समोर येऊन का उभी राहते, ते काय म्हणालं ते चढ्या आवाजात का घोळवते, सगळं एका क्षणात उलगडलं. मी तिच्याकडे गेले.

"कधीपासून?" मी दात ओठ खात विचारलं.

"दोन वर्षं होतील. जाड आवाज येतात गं त्यांना. इंजिन कळतं, गिअर कळतो. बारीक आवाज गेले." तिचे डोळे भरले होते. "हळू बोल."

"हळू कशाला? त्यांना कुठं ऐकू येतंय!"

हे बोलले आणि माझीच मला लाज वाटली. पण रागही खरा होता. "महिनाभर मी त्या पंपाच्या जिवावर अकरा मुलं फिरवली, ताई. रोज दोन वेळा रेल्वेचं फाटक ओलांडते मी. तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस."

"तुझ्या व्हॅनच्या बाबतीत ते चुकलेत हे मला कुठं माहीत होतं? अजूनही बहुतेक वेळा बरोबरच येतं त्यांचं. हातानं कळतं, वासानं कळतं. हे दुकान त्या नावावर उभं आहे. नाव गेलं तर माणूस उभा राहील का?" तिनं माझं मनगट धरलं. "आत्ता नको. मी संध्याकाळी बोलते. तू तोवर व्हॅन गावाबाहेरच्या त्या नव्या गॅरेजात ने, मी म्हणेन तिला घाई होती."

घड्याळात पावणेदोन झाले होते. नव्या गॅरेजात गाडी ओढून न्यायलाच तास गेला असता, तिथं नंबर लागायचा तो वेगळाच. मी मनगट सोडवून घेतलं. भाऊजी व्हॅनच्या दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते, एकीच्या तोंडाकडे, मग दुसरीच्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मूठ उघडली.

"भाऊजी, किल्ली फिरवलीच नव्हती मी."

त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं. मग गाडीच्या रिकाम्या किल्लीघराकडे. मला वाटलं आता ते माझ्यावर हात उगारतील, निदान शिव्या तरी घालतील, आणि खरं सांगते, घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते नळावर गेले आणि हात धुवायला लागले. साबण लावून, नखांतलं काळं काढून, पुन्हा साबण लावून. मेकॅनिक भर दुपारी एवढे हात धूत नाही.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात लाल डबा होता. ताईला खुणेनं आग विझवायचं नळकांडं जवळ आणायला सांगितलं, व्हॅनची बॅटरी सोडवली, मला चार पावलं मागे सरकवलं. पुढची सीट उचलली की माझ्या व्हॅनचं इंजिन दिसतं. पेट्रोलच्या नळीचा जोड त्यांनी जाड फडक्यात गुंडाळला आणि पान्यानं अगदी सावकाश सैल केला. आधी दाब काढून टाकला नाही तर या जोडातून पेट्रोलचा फवारा उडतो, आणि गरम इंजिनावर पेट्रोल पडणं म्हणजे काय ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. ताईनं नळकांड्याची पिन बोटात धरून ठेवली होती.

फवारा उडाला नाही. दोन थेंब फडक्यावर पडले आणि बस. भाऊजी त्या फडक्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्यासारख्या माणसाला तेवढं पुरे होतं, पण ते तिथं थांबले नाहीत. गेज जोडलं, बॅटरी लावली, जोड कोरडा असल्याचं बोट फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मार किल्ली. खरी."

मी फिरवली. काटा शून्यावर. पुन्हा फिरवली. शून्यावर. त्यांनी मागचं झाकण उघडून पंपाच्या वायरींना दिवा लावून पाहिला, मी किल्ली फिरवली की दिवा लखलखीत पेटायचा. म्हणजे वीज पोचत होती, पंपच उठत नव्हता. मग ते व्हॅनखाली सरकले आणि रबरी हातोड्यानं टाकीच्या बुडाला दोन हलके ठोके दिले. "आता."

काटा उसळून तीनवर गेला. मला पंप ऐकू आला, चांगला स्पष्ट, पण त्यात एक खरखर होती. जन्मात कधी ऐकली नसती तरी ओळखता आली असती अशी.

"कसा आहे?" खालून आवाज आला.

"कण्हतोय," मी म्हटलं. मग आठवलं की हे त्यांना नीट ऐकू जाणार नाही, म्हणून वाकून त्यांच्या तोंडासमोर पुन्हा सांगितलं.

ते बाहेर आले. गेज काढलं, जोड घट्ट केला, मी स्टार्टर मारला आणि व्हॅन सुरू झाली. त्यांनी इंजिनाऐवजी माझ्याकडे बघत ती बंद करायची खूण केली. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. शाळा वीस मिनिटांवर. मी हातोडा उचलला आणि माझ्या सीटशेजारी ठेवला.

"तो कशाला?" ते म्हणाले.

"बंद पडली तर ठोकेन. आजचा दिवस निभावला की झालं. उद्या नवा पंप बसवा."

त्यांनी हात घालून किल्ली काढून घेतली. "ही गाडी आज मुलं नेणार नाही."

"भाऊजी, किल्ली द्या."

"पंप चालता चालताही थांबू शकतो. फाटकावर थांबला तर? अकरा जणांना रुळांवर बसवून तू गाडीखाली शिरून ठोके देणार?"

मला ते कळत होतं. त्यांच्याइतकंच कळत होतं, आणि म्हणून तर मी वेड्यासारखी ओरडले. "महिनाभर नाही सुचलं हे तुम्हाला? तेव्हा सगळं सुरात होतं! तुमच्या कानांपायी माझी सात वर्षं पाण्यात गेली, आणि आता मला मुलांची काळजी शिकवताय?" समोरच्या टायरवाल्यानं काम थांबवून आमच्याकडे पाहिलं. ताई मध्ये आली तर मी तिलाही झिडकारलं. भाऊजी हलले नाहीत. ओठ बघत होते माझे, एकही शब्द सुटू नये म्हणून, आणि ते पाहून मला पुढं बोलवेना.

"लाल व्हॅनवाल्याला फोन कर," ते म्हणाले. "त्याला दोन खेपा करायला सांग. मग आपण माझ्या गाडीनं शाळेत जाऊ."

आयुष्यात मी पुष्कळ अवघड फोन केलेत. तो सर्वांत वरचा. लाल व्हॅनवाला अगदी गोड बोलला, "अहो ताई, मुलं काय तुमची आणि आमची." मी फोन ठेवला आणि पदराला नाक पुसलं.

आम्ही निघालो. भाऊजींच्या जुन्या गाडीत इंजिनाच्या गोंगाटात काही बोलता येत नाही, आणि तो गोंगाट त्यांना का सोयीचा होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. फाटक लागलं होतं. आम्ही सर्वांत पुढं उभे. मालगाडी अगदी नाकासमोरून गेली, पंचेचाळीस डबे मी मोजले, आणि प्रत्येक डब्यागणिक मला माझ्या व्हॅनमधलं एकेक मूल दिसत होतं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

शाळेच्या दारात गर्दी होती. पहिली सहा मुलं लाल व्हॅनमधून निघून गेली होती. उरलेली पाच पायरीवर दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्यांना न्यायला धावत आलेल्या दोन-तीन आया मुख्याध्यापिका बाईंभोवती उभ्या होत्या. मला बघून एक आई म्हणाली, "आजही?" मी तोंड उघडलं. भाऊजी माझ्यापुढं झाले.

"मॅडम, मी हिच्या व्हॅनचा मेकॅनिक," ते म्हणाले. ज्यांना स्वतःचा आवाज नीट कळत नाही ती माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं. "ही तीनदा गाडी घेऊन आली होती माझ्याकडे. तीनदा मी सांगितलं की पंप चांगला आहे. तो चांगला नव्हता. मी कानानं पारखतो, आणि मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नव्हतं. हिची काही चूक नाही. आज गाडी सुरू झाली होती, हिनं आणली असती तर वेळेत पोचली असती, पण ती मुलांसाठी धोक्याची होती, म्हणून आणली नाही."

शेवटचं वाक्य खरं नव्हतं. गाडी मी आणणार होते, त्यांनी किल्ली काढून घेतली होती. मी काही बोलले नाही. पायरीवरची ती धाकटी, जिच्यावर मी ओरडले होते, माझ्याकडे टक लावून बघत होती.

मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या माझ्याशी बोलल्या, पण त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात, आणि मान खाली घालून. भाऊजींनी त्यांच्या ओठांकडे बघायचा प्रयत्न केला. हातातल्या चष्म्याआड ओठ दिसेनात. त्यांनी माझ्या बाहीला हात लावला.

"काय म्हणाल्या?"

त्या म्हणाल्या होत्या की मुलं माझ्याकडेच राहतील. आणि म्हणाल्या होत्या की सोमवारी व्हॅन आणताना ती दुरुस्त झाल्याचा कागद आणायचा, आणि तो दुसऱ्या गॅरेजचा हवा.

"मुलं राहतील म्हणाल्या," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, आयांकडे पाहिलं, सगळ्यांच्या नजरा खाली होत्या. ते परत माझ्याकडे वळले. "आणखी काहीतरी म्हणाल्या. बरंच बोलल्या त्या."

"कागद आणायचाय. दुरुस्तीचा." मी हळू बोलले. इतकं हळू की शेजारच्या आईलाही आलं नसेल ऐकू.

"मोठ्यानं सांग," भाऊजी म्हणाले. "मला आता मोठ्यानंच सांगत जा."

पाच मुलं, तीन आया, बाई, फाटकाशी उभा असलेला शिपाई, सगळे ऐकत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, ओठ दिसतील अशी, आणि मोठ्यानं सांगितलं.

"दुसऱ्या गॅरेजचा कागद हवाय, भाऊजी. तुमचा नको."